साम्राज्याचा वाटेकरी कोण?
(इतिहासकार विल्यम ॲपलमन विल्यम्स यांच्या कार्यावरील व्याख्यान)



परराष्ट्र धोरण परराष्ट्र खात्यात घडते, असा सर्वसाधारण समज आहे. राजदूतांचे खलिते आणि करारांचे मसुदे यांची संगती लावली की मुत्सद्देगिरीचा इतिहास लिहून झाला, असे पुष्कळ अभ्यासकही मानत आले. हे धोरण देशातल्या बाजारात आणि मंदीच्या भीतीत घडते, असे विल्यम ॲपलमन विल्यम्स यांनी मांडले. आणि तेही शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेत राहून.

१९२१ साली आयोवा राज्यात जन्मलेले विल्यम्स ॲनापोलिसच्या नाविक अकादमीत शिकले, नौदल अधिकारी म्हणून पॅसिफिकच्या युद्धात उतरले. विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९५० मध्ये मिळवली आणि १९५७ पासून तेथेच अध्यापन केले.

१९५९ साली त्यांचा ‘अमेरिकन मुत्सद्देगिरीची शोकांतिका’ हा ग्रंथ आला. १८९३ च्या मंदीने अमेरिकेतील धुरीणांची खात्री पटली होती की, परदेशी बाजारपेठ मिळाली नाही तर घरात असंतोष माजेल. १८९९ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी चीनच्या व्यापारात सर्वांना समान संधी मागितली. वरकरणी किती न्याय्य मागणी! पण ज्याचा माल सर्वांत स्वस्त आणि मुबलक, त्याला उघडे दारच पुरते. वसाहत राखण्याचा खर्च हवा कशाला? वसाहतवादाचा निषेध करीत साम्राज्य उभारण्याची ही रीत विल्यम्स यांनी उघडी केली.

येथवर डावा वाचक खूश होतो. परंतु १९६९ च्या ग्रंथात विल्यम्स यांनी त्यालाही स्वस्थ बसू दिले नाही. गहू, कापूस आणि मांस यांना गिऱ्हाईक हवे म्हणून परदेशी बाजारपेठेचा आग्रह कारखानदारांच्या आधी शेतकऱ्यांनी धरला होता, असे त्यांनी दाखवले. म्हणजे साम्राज्याचे पाप मूठभर भांडवलदारांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. १९८० च्या पुस्तकात तर साम्राज्य ही साऱ्या समाजाची जीवनपद्धती बनली आहे, असे त्यांनी स्वदेशीयांना सुनावले.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने त्यांच्या अप्रकाशित ग्रंथाचे हस्तलिखित मागवले. (लोकशाहीचे रक्षण करण्याची ही तऱ्हा!) १९७३ मध्ये रॉबर्ट मॅडॉक्स यांनी त्यांच्यावर आणि अन्य इतिहासकारांवर साधनांच्या गैरवापराचा आरोप केला. त्याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. वॉशिंग्टनचे हेतू बारकाईने तपासणारे विल्यम्स स्टालिनच्या हेतूंबाबत फारच उदार राहिले. पूर्व युरोपातील दडपशाही ही केवळ अमेरिकी दबावाची प्रतिक्रिया नव्हती. तेथील जनतेने भोगलेल्या यातनांना त्यांच्या मांडणीत पुरेशी जागा नाही.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात तरुणांनी त्यांचे ग्रंथ डोक्यावर घेतले. मात्र विद्यार्थी चळवळीतील हिंसा त्यांना रुचली नाही. १९६८ मध्ये ते ऑरेगन राज्यात गेले, आणि १९९० साली तेथेच निवर्तले.

‘शोकांतिके’ची पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती २००९ साली निघाली. तिचा उपसंहार लिहिला अँड्रू बेसेविच यांनी. हे गृहस्थ डावे नव्हेत. व्हिएतनाममध्ये लढलेले, कर्नल म्हणून निवृत्त झालेले आणि स्वतःला सनातनी कॅथलिक म्हणवणारे ते अभ्यासक आहेत.