रेव्हरंड टिळकांचे कीर्तन आणि आपली पंगत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचे विद्वान पाहुणे बोलावण्याची आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की मंडळातल्याच एकीने बोलावे, आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवणार नाही, ही मोठीच सोय आहे. परंतु दुपारची कामे आटोपली की वाचनालयातले पुस्तक घेऊन बसायची मला सवय आहे. अशाच एका पुस्तकाने आजचा विषय दिला. पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे, ‘स्मृतिचित्रे’. विषय त्यांचे यजमान, ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण वामन टिळक.

काहीजणी मनात म्हणत असतील, आपण एकादशीला विठ्ठलाचे भजन करणाऱ्या बायका, आपल्याला पाद्रीसाहेबांच्या गोष्टीशी काय करायचे? जरा धीर धरावा. गोष्ट शेवटी आपल्याच दारात येते.

टिळकांना फुलांमुलांचे कवी म्हणतात. आपल्यापैकी कितीतरी जणींनी शाळेत त्यांच्या कविता पाठ केल्या असतील. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव येथे, ब्राह्मण घराण्यात झाला. पुढे १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. तो वाचून त्यांचे मन पालटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची पुष्कळ वर्षे त्यांनी नगरला काढली. नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आपल्याला परके नाही. आष्टीच्या पलीकडे शीव ओलांडली की त्यांचाच मुलूख. १९०४ साली त्यांना रेव्हरंड ही पदवी मिळाली.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्या काळी आपल्याकडच्या प्रार्थनामंदिरांत बरीचशी गाणी इंग्रजीवरून केलेली आणि विलायती चालींवर बसवलेली असत. खेड्यातल्या माणसाच्या गळ्याला ती चाल बसायची कशी? टिळकांनी ओळखले की देव जर आपल्याशी बोलणार असेल, तर तो आपल्याच बोलीत बोलेल. त्यांनी अभंग रचले, भजने रचली, हातात टाळ घेऊन कीर्तने केली. नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. धर्म बदलला म्हणून मराठीपण टाकावे लागत नाही, हे त्यांचे म्हणणे. त्यांची शेकडो गीते मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत आली.

ही परंपराही आजकालची नव्हे. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्याच सुमारास आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांनी देह ठेवला. लांबलचक कापडावर ज्यांनी पासोडी लिहिली, ते हे दासोपंत. एकीकडे दासोपंत, दुसरीकडे साता समुद्रांपलीकडून आलेले स्टीफन्स, आणि ओवी मात्र एकच! ओवी आपल्या आया-आज्यांनी जात्यावर जन्मास घातली. तिने कोणाला जात विचारली नाही.

परंतु भगिनींनो, गाणे सर्वांना घेते म्हणून गाणारे सर्वांना घेतात असे नाही. चोखोबांचे अभंग सर्व महाराष्ट्राने गायिले, पण चोखोबा देवळाबाहेर राहिले. त्यांची समाधी महाद्वारापाशी, पायरीजवळ आहे. पंढरीचे देऊळ सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ख्रिस्ती मंडळींतही जात पाठ सोडीत नव्हती. कोण कोणाच्या हातचे पाणी घेतो, हा प्रश्न बाप्तिस्मा घेऊनही काहींच्या मनात शिल्लक राही. गळ्यात देव आणि मनात विटाळ, हे घरोघरी आहे.

येथेच मला लक्ष्मीबाई मोठ्या वाटतात. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक की वाचताना हसूही येते आणि रडूही. यजमान ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. पुढे त्या नगरला आल्या, तरी स्वतःचे सोवळे, स्वतःचे पाणी वेगळे ठेवून राहिल्या. आणि मग त्यांनी आपल्याच डोक्याने विचार केला की जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली असेल, तर ती पाळण्याचे मला कारण काय? उत्तर सापडल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा. पाण्याचा तांब्या आधी! टिळकांनी अभंगांतून जे सांगितले, ते लक्ष्मीबाईंनी चुलीपाशी करून दाखवले. दुष्काळातली पोरकी मुले टिळकांनी घरी आणली. ती कोणाची हे न विचारता त्यांना जेवू कोणी घातले असेल, ते आपण बायकांना सांगायला नको. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ दहाअकरा अध्यायांवर थांबले होते, तेही पुढे साठांहून अधिक अध्याय लिहून लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार मोठा व्हायला त्यांना आयुष्य पुरले नाही. पण दरबारात कोणी कुठे बसावे हा प्रश्न त्यांनी काढून टाकला होता, हे मला फार मोलाचे वाटते.

तिकडे अमेरिकेतही असाच बसण्याचा प्रश्न होता. १९५५ साली माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने बसगाडीत गोऱ्या माणसासाठी जागा सोडायचे नाकारले. मार्टिन ल्यूथर किंग या तरुण पाद्र्याने लोकांना हाक दिली. प्रार्थनामंदिरांत गाणी म्हणत, वर्षभर पायी चालत, तिथल्या काळ्या लोकांनी ती बसगाडी सोडली आणि शेवटी न्याय मिळवला. गाणे त्यांना बळ देत होते, पण चालावे मात्र पायांनीच लागले.

आता आपल्या दारात येऊ. आपले भजन चांगले बसले आहे. सप्ताहात आपल्या मंडळाचे नाव घेतात. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या चटईवर कोण बसते, ते जरा मोजून पाहा. विधवा बहिणी नसतात. एका घरचे मी पाहिले आहे, तिळाचे लाडू वळायला नणंद, आणि बायका आल्या की तीच नणंद मागच्या खोलीत. तिने आतून टाळ्यांचा आवाज ऐकायचा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली विधवांसाठी शारदासदन काढले. त्याला किती काळ लोटला! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनेही सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. मग मंडळाने मागे का राहावे?

दुसऱ्या न येणाऱ्या म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणी. दिवाळीच्या सुमारास त्या कोयता घेऊन कारखान्यावर जातात. संक्रांतीला त्या उसाच्या फडात असतात. पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधणारीला आपले वाण कसे पोचायचे? आपण त्यांना नाही म्हटलेले नाही, हे खरे. पण त्या गावात नसताना आमंत्रण देणे, हे न देण्यासारखेच.

कोणी म्हणेल, विधवा स्वतःच येत नाहीत, कुंकू नको म्हणतात. कुंकू लावायचे की नाही ते तिच्या मनावर असू द्या. वाण देणे, पाट मांडणे, नाव घेऊन बोलावणे हे तर आपल्या हातात आहे ना? आणि एकीने दारापाशी जाऊन हात धरून आणले, तर पुढच्या वर्षी ती आपल्या पायांनी येईल.

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. पहिली, संक्रांतीचे वाण गावातल्या प्रत्येक बाईला द्यावे, सवाष्ण की विधवा हे न विचारता. दुसरी, चैत्रगौरीचे हळदीकुंकू मोठे करावे. तोवर कारखान्याचा हंगाम संपत येतो आणि बहिणी परततात. कैरीची डाळ आणि पन्हे तर आपण करतोच. तिसरी, आजच्या जेवणापासूनच पंगतीत आपापल्या गल्लीच्या बायकांनी एकत्र न बसता मिसळून बसावे. वाढायलाही सर्व आळ्यांतल्या बायका असाव्यात.

यात कोणाचा देव बदलत नाही. ख्रिस्ती बहिणीने तिची उपासना करावी, आपण आपले भजन करावे. मात्र दोघींनीही गायिलेले पंगतीत उतरले की नाही, ते पाहावे. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण आपल्या मंडळाला लागू होऊ नये, एवढीच इच्छा.

अध्यक्षीणबाईंनी या सूचना पुढच्या सभेत मताला टाकाव्यात, ही विनंती.  पाने मांडायची वेळ झाली आहे.