वजनाची शस्त्रक्रिया: करावी की न करावी?



या व्यासपीठावर आम्हांला आजवर दोनदा बोलावणे आले. एकदा बोनसवर आणि एकदा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर. यंदा विषयाची निवड चिटणिसांनी आमच्यावरच सोपवली आणि आम्ही हा विषय कळवला, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तुमचा आणि वैद्यकाचा संबंध काय, असे त्यांनी विचारले नाही. पण त्यांच्या मनात ते आले, हे आम्हांला उमगले. संबंध नाही हे खरेच आहे. आमचे शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि कारखान्याच्या फाटकाशी. समोर दोन-तीन डॉक्टर मंडळी बसलेली दिसतात. आम्ही चुकलो तर त्यांनी खुशाल कान धरावा.

परंतु तीस वर्षे आम्ही एक काम केले आहे, आणि ते म्हणजे माणसाने सही करण्यापूर्वी करारातली कलमे त्याला वाचून दाखवणे. पगारवाढीचा करार तीन-चार वर्षांचा असतो. पसंत पडला नाही तर मुदत संपल्यावर नवे मागणीपत्र देता येते. आज ज्या कराराविषयी बोलायचे आहे, तो विशी-पंचविशीतले मूल आपल्याच शरीराशी करते आणि त्याची मुदत जन्मभराची असते. जठराचा कापून काढलेला भाग कोणत्याही मागणीपत्राने परत मिळत नाही.

प्रथम आमचीच चूक सांगून टाकतो. सातपूरच्या एका कारखान्यात आमचा एक सभासद होता, वय सव्वीस, वजन एकशे तीस किलोच्या घरात. सभेला तो आला की आम्ही म्हणत असू, "त्याला दोन खुर्च्या द्या रे!" सगळे हसत. तोही हसे. आम्ही त्याला उपदेशही भरपूर केला. पहाटे उठून चाल, फाटकावरचा वडापाव सोड, रात्री अर्धपोटी नीज. त्याने ते सर्व केले. चार महिन्यांत चौदा किलो उतरले आणि पुढच्या वर्षात अठरा चढले. आम्ही मनात म्हटले, पोरगा आळशी आहे.

पोरगा आळशी नव्हता, आम्ही अडाणी होतो. माणूस पोट मारून वजन उतरवू लागला की शरीर आपला खर्च कमी करते आणि भूक वाढवते. जठराच्या वरच्या भागात भुकेचा इशारा देणारे एक द्रव्य तयार होते. त्याला घ्रेलिन म्हणतात आणि जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधून काढले. वजन उतरले की रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. मालकाने पगार कापला तर कामगार गप्प बसत नाहीत, हे ज्याने जन्मभर पाहिले, त्याला शरीरही कपात मुकाट्याने सोसत नाही एवढे कळायला हवे होते.

त्या मुलाने पुढे पतपेढीतून घरदुरुस्तीच्या नावाखाली कर्ज काढले, दुसऱ्या शहरात जाऊन जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया, जिला सर्वजण बायपास म्हणतात ती, करवून घेतली आणि तीन आठवड्यांनी कामावर हजर झाला. कोणाला काही सांगितले नाही. आईलासुद्धा हर्नियाचे म्हणून सांगितले होते. वजन भराभर उतरले, चाळीस किलोंहून अधिक. लोक विचारीत, काय केलेस? तो म्हणे, चालतो. आम्हांला तर आमच्या उपदेशाचे फळ दिसले असे वाटले आणि एका सभेत आम्ही त्याचे उदाहरणही दिले!

दीड वर्षाने तो यंत्राजवळ पडला. पाय बधिर झाले होते. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, आधी काही शस्त्रक्रिया झाली आहे का? आई शेजारी उभी होती, म्हणून तो नाही म्हणाला. निदान होण्यात त्यामुळे काही दिवस गेले. रक्तात ब-१२ जीवनसत्त्व जवळजवळ उरले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या आणि इंजेक्शने जन्मभर घ्यायची असतात, असा कागद त्याला मिळाला होता. कागद इंग्रजीत होता आणि तो कपाटात होता. बरे वाटू लागल्यावर त्याने गोळ्या थांबवल्या. आता तो कामावर आहे, पण डाव्या पावलाची बधिरता पुरती गेलेली नाही.

त्याच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अशा माणसाला थोडे थोडे, चावून चावून, दिवसातून पाच-सहा वेळा खावे लागते आणि जेवताना पाणी पिता येत नाही. कारखान्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटे हात धुण्यात आणि रांगेत जातात. उरलेल्या वेळात तो घास कोंबत असे आणि मग न्हाणीघरात जाऊन ओकत असे. आम्ही व्यवस्थापनाकडे मागणी केली की डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या कामगारास पाळीत दहा-दहा मिनिटांच्या दोन जादा सुट्ट्या मिळाव्यात. त्यांनी विचारले, कोणासाठी? नाव सांगा. नाव आम्ही सांगितले नाही. तीन बैठका यावरच गेल्या. शेवटी चिठ्ठी फक्त कारखान्याच्या डॉक्टरांकडे जाईल असे ठरले. पगारात एक पैशाची वाढ न मागता केलेली ही आमची एकमेव वाटाघाट असेल.

यानंतर आम्ही या विषयाची पुस्तके आणि लेख धुंडाळू लागलो. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा येथील क्रेमेन आणि लिनर या शल्यवैद्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. वजन उतरे, पण पुढे यकृत बिघडे, मूत्रपिंडात खडे होत, आणि काही दशकांनी ती पद्धत सोडून द्यावी लागली. म्हणजे त्या काळी ज्या तरुणांनी सही केली, त्यांच्या कराराची शेवटची कलमे सही झाल्यावर लिहिली गेली. १९६६ साली आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी जठराच्या बायपासची वाट दाखवली. व्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला जाई ती माणसे सडसडीत राहतात, हे निरीक्षण त्यामागे होते. आज पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने काम होते. बायपासमध्ये जठराची अंड्याएवढी पिशवी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. दुसऱ्या पद्धतीत, जिला स्लीव्ह म्हणतात, जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. काढलेल्या भागाबरोबर घ्रेलिनचा मोठा कारखानाही जातो.

याचा उपयोग होतो का? होतो, आणि हे स्वच्छ सांगितले पाहिजे, कारण "कापाकापी नको" एवढेच म्हणणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका पाहणीत शस्त्रक्रिया झालेली सुमारे दोन हजार माणसे आणि न झालेली तितकीच माणसे वर्षानुवर्षे तपासली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्क्यांनी घटलेले होते आणि वीस वर्षांनी १८ टक्क्यांनी. दुसऱ्या गटाचे वजन जवळजवळ होते तेथेच राहिले. मृत्यूचे प्रमाणही शस्त्रक्रिया झालेल्यांत कमी आढळले. मधुमेहाची गोष्ट मात्र नीट ऐका. दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेह्यांचा रोग मागे हटला होता. दहा वर्षांनी हा आकडा ३६ वर आला.

आता एक कलम बारीक अक्षरातले. त्या पाहणीतली माणसे आरंभी ३७ ते ६० वर्षांची होती, आणि त्यांतील बहुतेकांच्या शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीच्या होत्या. तेविशीच्या मुलीला हे आकडे दाखवताना एवढे सांगायला नको का? अगदी कोवळ्या वयाचीही एक पाहणी आहे. अमेरिकेत तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांची दहा वर्षांची हकीकत २०२४ साली प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दहा वर्षांनीही सरासरी २० टक्के खालीच होता. दहा वर्षे ही मोठीच गोष्ट आहे. पण विशीतल्या माणसापुढे पन्नास असतात.

आता त्या तेविशीच्या मुलीकडे येतो. तिच्यामुळेच हा विषय आम्ही निवडला. ती आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी. बी.कॉम. झालेली, एका कचेरीत हिशेब पाहणारी. उंची पाच फूट दोन इंच, वजन १०९ किलो. किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो तो तिचा ४४. बाविसाव्या वर्षी मधुमेह निघाला होता. टेबलावर बसल्या बसल्या डोळा लागे आणि साहेब बोलत.

वडील आमच्याकडे आले ते तिला आणि आपल्या आईला घेऊनच. म्हणाले, "भाऊ, मुलाकडची मंडळी दिवाळीनंतर येणार आहेत. तोवर एवढे उरकून टाकू म्हणतो." आजी म्हणाली, "देवानं दिलेलं पोट कापायचं कशाला? माझ्या हातचं खाऊन झालंय ते. मीच कमी वाढीन." तासभर दोघे बोलत होते. मुलगी गप्प. निघताना चपला घालता घालता ती आम्हांला हळूच म्हणाली, "काका, माझं लग्न जमावं म्हणून करायचं, की मला रात्री नीट झोप यावी म्हणून करायचं, हे मला कुणी विचारलंच नाही."

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. वाटाघाटीच्या खोलीत ज्याच्या पोटाचा प्रश्न, तोच दाराबाहेर!

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावून आम्ही काही कलमे वाचून दाखवली. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पुष्कळांचे केस गळतात. परत येतात, पण गळतात. वजन उतरल्यावर कातडी लोंबते. "म्हणजे तुमच्या हिशेबाने केस गळण्याचा महिना आणि हळदीचा महिना एकच येईल," असे आम्ही म्हणालो. ते हसले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मग मी काय करू?" आम्ही म्हटले, तिला वही घेऊन द्या.

तिने वहीत बावीस प्रश्न लिहिले आणि दोन निरनिराळ्या डॉक्टरांना तेच विचारले. शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका किती? चांगल्या ठिकाणी हजारांत दोन-तीन, म्हणजे फार थोडा, पण शून्य नव्हे. टाके गळले तर काय? पुन्हा पोट उघडावे लागेल. अंगदुखीवर दुकानातून आणतो त्या गोळ्या चालतील का? बायपासनंतर नाही, व्रण होतो. यावर वडिलांनी आमच्याकडे पाहिले, कारण आमच्या कामगारांचा तो रोजचा खाऊ आहे. दारू? ती लवकर चढते, आणि काहींना तिचे व्यसन नव्याने लागते. सहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंनाही ती जाऊन भेटली. त्या म्हणाल्या, पश्चात्ताप नाही, पण पंगतीत बसणे हे आता काम झाले आहे.

पैशाचा प्रश्न होताच. विम्याच्या नियामकांनी २०१९ साली नियम घालून दिला, त्याप्रमाणे वय अठरा पुरे, आकडा ४० वा अधिक, किंवा ३५ आणि सोबत हृदयरोग, आटोक्यात नसलेला मधुमेह, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर विकार अशांपैकी काही, आणि इतर उपाय करून थकलेले असल्यास विमा कंपनीला हा खर्च सरसकट नाकारता येत नाही. पॉलिसीची प्रतीक्षा-मुदत मात्र पाहावी. २०२२ साली शल्यवैद्यांच्या दोन मोठ्या संघटनांनी वैद्यकीय मर्यादा आणखी खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी तर त्याहून खाली. विम्याचे कलम आणि वैद्यकाचे कलम एक नव्हे, हे लक्षात ठेवावे. आठवड्याला टोचायची नवी औषधे, टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे रूप, २०२५ साली आपल्या देशात विक्रीस आली. त्यांचाही उपयोग होतो. पण थांबवली की गेलेले वजन बहुतांशी परत येते. म्हणजे तोही चालूच ठेवायचा हप्ता.

तिच्या डॉक्टरांनी घाई केली नाही, हे तिचे भाग्य. प्रथम रात्रीची झोप तपासली. श्वास वारंवार अडत होता. नाकावर लावायचे यंत्र मिळाले आणि महिनाभरात कचेरीतली डुलकी थांबली. आहारतज्ज्ञ, औषध, चालणे यांत सहा महिने गेले. सहा किलो उतरले. दिवाळीनंतरचे स्थळ या अवधीत दुसरीकडे जमले. घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही.

नवव्या महिन्यात ती वही घेऊन आमच्याकडे आली. शेवटच्या पानावर दोन रकाने होते. उजवीकडच्या रकान्यात गोळ्या, दरवर्षीची रक्ततपासणी, पंगत, लोंबती कातडी, पुढची मुलेबाळे. डावीकडच्या रकान्यात श्वास, साखर, आणि तिसरा शब्द होता "जिना". कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. ती म्हणाली, "काका, मी करते आहे. लग्नाचं नाव दोन्हीकडे नाही, बघा." संमतीपत्र तिने स्वतः वाचले, एका ओळीचा अर्थ विचारला आणि मग सही केली.

याला आता आठ महिने झाले. वजन ७८ वर आले आहे. मधुमेहाची गोळी तूर्त बंद आहे, जीवनसत्त्वांची डबी पर्समध्ये असते. पुढच्या वीस वर्षांचे आम्ही कोण सांगणार? गेल्या रविवारी ती आजीला घेऊन घरी आली होती. आमच्या सौभाग्यवतींनी सवयीप्रमाणे बशी भरून पोहे पुढे ठेवले. तिने वीस मिनिटांत चार चमचे खाल्ले आणि बशी आजीकडे सरकवली. आजी पदराला डोळे पुसू लागली, तशी ती म्हणाली, "आजी, रडू नकोस गं. चव तीच आहे."