जमिनीखालचा वणवा आणि ओरांगउटान

आजचा विषय जरा लांबचा आहे, थेट बोर्निओचा. पण सुरुवात घरापासून करू.

आपल्याकडे वणवा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मार्चमधला डोंगर, वाळलेलं गवत आणि रात्री लांबून दिसणारी लाल रेघ. वन विभाग आधीच जाळरेषा काढून ठेवतो, म्हणजे गवताचा एक पट्टा मोकळा करतो. आग तिथपर्यंत येते आणि थांबते. निदान थांबावी अशी अपेक्षा असते. आज मी ज्या आगीबद्दल बोलतोय ती अशी थांबत नाही, कारण ती जमिनीच्या खाली जळत असते.

इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतान प्रांतात बऱ्याच ठिकाणी जंगलाखाली माती नाही, पीट आहे. हजारो वर्षं पाण्यात बुडून राहिलेला पाला, मुळं, खोडं. पाण्यामुळे ते पुरतं कुजलंच नाही, थरावर थर साचत गेले. काही ठिकाणी हा थर १० मीटरहून जाड आहे. ओला आहे तोवर पेटत नाही. वाळला की मात्र भुश्याची शेगडी! माहीत नसेल तर आजीला विचारा. ज्वाळा नाही, पण आतला भुसा तासन् तास धुमसत राहतो. इथे तो आठवडेच्या आठवडे धुमसतो.

मग हे वाळलं कसं? १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी ठरवलं की या दलदलीत १० लाख हेक्टरवर भात पिकवायचा. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. दलदलीचं पाणी त्यातून वाहून गेलं, भात काही पिकला नाही, प्रकल्प पुढे गुंडाळला गेला. कालवे राहिले. १९९७ मध्ये एल निनोचा दुष्काळ पडला आणि सगळं पेटलं. त्या वर्षी इंडोनेशियाच्या पीटमधून आणि त्यावरच्या जंगलातून जेवढा कार्बन हवेत गेला, तो जगभरात वर्षभरात जळणाऱ्या कोळसा-तेल-वायूच्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के होता, असा अंदाज २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. २०१५ मध्ये पुन्हा तेच, सुमारे २६ लाख हेक्टर जळालं.

काडी कोण लावतं? कधी मोठ्या मळ्यांसाठी जमीन मोकळी करणारे, कधी छोटे शेतकरी, कारण झाडं तोडून साफ करण्यापेक्षा जाळणं स्वस्त पडतं. सगळं खापर एकाच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही. पामतेलाचा सगळ्यात मोठा आयातदार आपला देश आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता विझवणाऱ्यांबद्दल. हेलिकॉप्टरमधून पाणी ओततात, ते टीव्हीवर छान दिसतं. पण खालची धग तशीच राहते. खरं काम करतात ती गावातली पोरं, पंप आणि पाइप घेऊन. वाळलेल्या कालव्यात पाणी कुठलं? म्हणून जमिनीत खोल बोअर मारून खालचं पाणी वर काढायचं. नळीचं तोंड जमिनीत खुपसायचं आणि तिथला अक्षरशः चिखल होईपर्यंत पाणी सोडायचं. धूर थांबला तरी हात लावून बघायचं, गरम आहे का. मुळं आतून जळलेली असतात, त्यामुळे उभं झाड कधी अंगावर कोसळेल याचा नेम नाही. आणि तहान लागल्यावर विहीर खणून इथे भागत नाही, बोअर उन्हाळ्याआधीच तयार लागतात.

हे कोणासाठी? पालांकारायाजवळच्या सबांगाऊ जंगलात हजारो ओरांगउटान आहेत. मलाय भाषेत ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल. मादीला सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू होतं, त्यामुळे एक मादी गेली तर ती जागा भरायला फार काळ लागतो. वाचलेल्यांचंही अवघड असतं. २०१५ च्या धुरात तुआनान संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी जंगलातल्या नरांवर लक्ष ठेवलं. धुरानंतर ते जास्त वेळ नुसते बसून राहत होते, आणि लघवीच्या तपासणीत दिसलं की शरीर साठवलेली चरबी जाळतंय. जंगलभर घुमणारी त्यांची लांब हाकही कमी झाली, आवाज बसका, घोगरा झाला. आपला घसा बसतो ना, तसाच.

त्यामुळे आता विझवण्याइतकाच जोर पाणी अडवण्यावर आहे. सबांगाऊत चोरट्या लाकूडतोड्यांनी ओंडके वाहून न्यायला खणलेले कालवे आहेत. त्यांच्यावर लाकडी बंधारे घालून पाणी जंगलातच थांबवतात. पण त्याच कालव्यांतून गावकऱ्यांच्या होड्या जातात, मासेमारी चालते. म्हणून काही बंधारे रातोरात फोडले जातात. मग पुन्हा बैठक, पुन्हा गावाशी बोलणं, होडी जाईल एवढी फट कुठे ठेवायची यावर घासाघीस. पंपापेक्षा हे काम किचकट आहे, आणि त्याचं रील कोणी बनवत नाही.