भीमाकाठची बुडालेली गावे आणि करकंबचे ऋण

(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवालयाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला की साऱ्या गावाची मान ताठ होते. परंतु आपल्याच देवळाच्या पायऱ्यांवर पाणी चढताना ज्यांना पाहावे लागले, अशीही गावे याच भीमामाईच्या काठी होती. आजच्या मंगल दिवशी त्यांचे स्मरण करणे उचित आहे, कारण करकंबच्या पंचक्रोशीतील हिरवाईचा त्या गावांच्या बुडण्याशी थेट संबंध आहे.

भीमाशंकरी उगम पावलेली भीमा दौंड, कर्जत, इंदापूर आणि करमाळा तालुक्यांच्या शिवांवरून वाहत माढा तालुक्यात उजनीला येते. पुढे पंढरीस तीच चंद्रभागा म्हणून वंदिली जाते. उजनीच्या वरच्या अंगाला दोन्ही काठांवर शेतकऱ्यांची जुनी वस्ती होती. पुराने आणून टाकलेला गाळ ही त्यांची खरी दौलत. पाणी ओसरले की मळईत भाजीपाला आणि हरभरा, वरच्या काळ्या रानात शाळू. उन्हाळ्यात नदीला उतार मिळे, तेव्हा माणसे पायी पलीकडे जात. पावसाळ्यात नावाडी होडी घाली. त्यामुळे इंदापूरकडच्या लेकी करमाळ्याच्या काठाला आणि तिकडच्या इकडे नांदत. नदी मध्ये असली तरी समाज एकच होता.

1969 साली उजनी धरणाचे काम सुरू झाले आणि 1980 साली ते पुरे झाले. सोलापूर जिल्हा हा कायमचा अवर्षणग्रस्त. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढलेल्या माणसाला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. धरण हवेच होते. सुमारे 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट पाणी साठविणारा हा जलाशय यशवंतसागर या नावाने ओळखला जातो. त्याच्या पोटात गावठाणे, मळे, विहिरी, पार आणि स्मशानेही गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला तो 1976 साली. तोवर धरणाचे काम सुरू होऊन सात वर्षे लोटली होती.

इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे उदाहरण घ्या. तेथील पळसनाथाचे दगडी मंदिर प्राचीन घडणीचे. गाव उठले तेव्हा देवही उठला. नव्या गावठाणात नवे देऊळ झाले आणि जुने पाण्याखाली गेले. धरण शून्य टक्क्यावर आले असे जेव्हा म्हणतात, तेव्हाही त्यात सुमारे 63 टीएमसी मृतसाठा असतो. त्याच्याही खाली पाणी उतरले की हे शिखर आणि सभामंडप उघडे पडतात. 2024 च्या उन्हाळ्यात ते असेच उघडे पडले, आणि दूरदूरची माणसे पाहावयास गेली. पाहुण्यांना ते नवल वाटले. पळसदेवच्या वृद्धांना मात्र त्या चिखलात आपला उंबरा शोधावासा वाटला असेल, तर नवल नाही.

देव हलविता येतो, देऊळ पुन्हा बांधता येते, पण शेजार हलविता येत नाही. एका आळीतली घरे निरनिराळ्या वसाहतींत विखुरली. पूर्वीचा उतार गेला आणि त्या जागी अथांग पाणी आले. 21 मे 2024 रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. जेथे पूर्वी माणसे पायी जात, तेथे आता जिवावर उदार होऊन जावे लागते.

जलाशयाकाठी पुढे विद्युत्पंप आले, ऊस उभा राहिला, मासेमारीचा धंदा वाढला, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या वाट्याला ते आले, त्यांचे संसार सावरले. परंतु सर्वांच्याच वाट्याला ते आले नाही. काहींना लाभक्षेत्रात परक्या शिवारात, परक्या गावकीत नवा डाव मांडावा लागला.

उजनीच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागाच्या रानात खेळते. आषाढीला चंद्रभागेत वारकरी स्नान करतात, तेव्हाही उजनीतून पाणी सोडले जाते. म्हणजे शेत असो की तीर्थ, त्यात त्या बुडालेल्या गावांचा वाटा आहेच.

हे ऋण पैशाने फिटणारे नाही, पण दोन गोष्टी हातच्या आहेत. कोठल्याही गावात धरणग्रस्त कुटुंब वसले असेल, तर यात्रेत, पंगतीत आणि पालखीच्या मानात त्याला उपरे न मानता गावकरीच मानावे. आणि ज्या वृद्धांना जुन्या शेतांची, घाटांची, पाणवठ्यांची नावे अजून तोंडपाठ आहेत, त्यांच्याकडून ती आजच लिहून घ्यावीत. वर्गणीदारांची नावे देवळाच्या दगडावर कोरली जातात. त्या गावांनी तर आपली भुईच दिली. त्यांची नावे निदान एखाद्या वहीत तरी राहावीत.