मय्यतीचं काम कुणाचं?

(कन्हान येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा समोर बसलेल्या काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या बैठकीत स्पर्धा परीक्षा होती, त्याच्या आधी स्कॉलरशिप. आणि आज हा सॉफ्टवेअरवाला मय्यतीवर बोलणार! पण दोस्तहो, शिक्षण-नोकरीच्या प्रश्नांवर आपण निदान वाद तरी घालतो. मोहल्ल्यात कुणी गेलं की कोण धावतं, कोण आंघोळ घालतं, कबर कोण खोदतं आणि त्या माणसाचं घर कसं चालतं, यावर आपण कधीच बोलत नाही. म्हणून हा विषय मुद्दाम घेतला.

सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करू. कन्हान पारशिवनी तालुक्यात येतं. याच तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंड आहे. तिथं १९७० च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. लोखंड गाळण्याची जुनी भट्टी सापडली आणि दगडांच्या वर्तुळात केलेली दफनंही सापडली. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी शिळावर्तुळं शेकड्यांनी आहेत. माहुरझरीला तर माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले, त्यांच्या डोक्यावर तांब्याचे दागिने होते. हे सगळं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं.

हे का सांगतोय? एक म्हणजे, 'पुरणं ही बाहेरून आलेली रीत' असं कुणी म्हणालं तर त्याला जुनापाणीला घेऊन जा. या मातीत माणसं पुरली जात होती तेव्हा आजचे आपले वाद जन्मलेही नव्हते. आजही आपल्या महाराष्ट्रात लिंगायत दफन करतात, संन्याशाला समाधी देतात, अनेक हिंदू घरांत लहान मूल गेलं तर पुरतात. दुसरं म्हणजे, ती वर्तुळं रचायला भले मोठे धोंडे ओढून आणावे लागले असणार. दोन माणसांचं ते काम नव्हे. अख्खी वस्ती हाताला लागली असेल.

आता आपल्या रीतीकडे येऊ. माणूस गेला की जिवंत माणसांवर चार कामं येतात: गुस्ल, कफन, जनाजाची नमाज आणि दफन. ही चारही फर्ज-ए-किफाया आहेत. म्हणजे काही जणांनी केली तर सगळ्यांची जबाबदारी उतरते आणि कुणीच केली नाही तर गुन्हा सगळ्या वस्तीचा. कफनाला पुरुषासाठी तीन कापडं, बाईसाठी पाच. पांढरं, साधं सुती कापड पुरतं. सरपंच असो की कोळसा खाणीतला कंत्राटी मजूर, कापड तेच. पेटी सक्तीची नाही, सजावट नाही, आणि दफन लवकरात लवकर करायचं. या व्यवस्थेत अंत्यविधीचा दुकानदार लागतच नाही. काम वस्तीचं, म्हणून वस्तीनंच करायचं, असा साधा हिशोब आहे.

जगात इतर ठिकाणी हा हिशोब वेगळा झाला. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय सुरू झाला. पेट्या बनवणारे सुतार आणि कापडवाले यांनी हळूहळू सगळीच व्यवस्था हातात घेतली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांचे मृतदेह लांबच्या गावी पोचवायचे होते, म्हणून रसायनं भरून देह टिकवण्याची पद्धत वाढली. १८६५ मध्ये लिंकनचा देह रेल्वेनं शहराशहरांतून नेला गेला, हजारो लोकांनी तो पाहिला आणि ती पद्धत घराघरात पोचली. पुढं तिचा मोठा धंदा झाला. दुःखात बुडालेला माणूस भाव करत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड या लेखिकेनं या धंद्यावर पुस्तक लिहिलं आणि मोठी खळबळ उडाली. शेवटी १९८४ मध्ये तिथं नियम आला की ग्राहकाला प्रत्येक गोष्टीचं वेगळं दरपत्रक दिलंच पाहिजे.

आपल्या देशात तिसराच प्रकार घडला. इथं हे काम बाजारात गेलं नाही, जातीच्या गळ्यात पडलं. गावगाड्यात मरणाची खबर शेजारच्या गावी पोचवणं, सरणाला लाकूड पोचवणं ही महारांच्या माथी मारलेली कामं होती. दिवस असो, रात्र असो, नाही म्हणायची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं, त्यामागं ही गुलामी होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथून जवळच, नागपुरात, धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगावी लोकांनी ही कामं करायला ठाम नकार दिला. मुंबईच्या पारशी समाजात देह दखम्यापर्यंत नेणाऱ्या खांधियांना तर स्वतःच्याच धर्माची माणसं दूर ठेवत आली. मेलेल्याला हात लावणारा अपवित्र आणि हात लावायला लावणारा पवित्र, असा हा न्याय.

'आपल्यात असं नाही,' असं तुम्ही मनात म्हणत असाल. जरा थांबा.

मोमिनपुऱ्यात तकिया दिवानशहा हा भाग तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तकिया म्हणजे फकिराची बसायची जागा. अशा तकियांच्या आसपास पुष्कळदा कब्रस्तान असायचं आणि त्याची राखण फकीर, शहा म्हणवणारी घराणी करायची. कबर खोदणाऱ्याला उर्दूत गोरकन म्हणतात. आजही हे काम बापाकडून मुलाकडं जातं. आता मनाशी प्रामाणिक राहून सांगा, गोरकनच्या मुलाचं स्थळ आलं तर आपल्या किती घरांत चहा पुढं येईल? मय्यतीला आंघोळ घालणाऱ्या बाईला लग्नाच्या दावतीत कुठल्या रांगेत बसवतात? किताबात जात नाही, हे खरं. दस्तरखानावर ती आहे.

आपल्याला एक हदीस लहानपणापासून ऐकवली जाते. मशीद झाडणारं एक माणूस वारलं. लोकांनी रात्रीच दफन करून टाकलं, रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना कळवलंही नाही. त्यांनी चौकशी केली, मला का नाही सांगितलं म्हणून विचारलं, कबर कुठं आहे ते दाखवायला लावलं आणि तिथं जाऊन नमाज पढली. लोकांना ज्याची खबर देण्याइतकीही किंमत वाटली नव्हती, त्याच्यासाठी ते स्वतः चालत गेले.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथं कुठलीही यंत्रणा उभी केली की एक प्रश्न विचारतात: ही बाब जाणणारा एकच माणूस आहे का? तो उद्या आला नाही तर काय? उत्तर 'बंद पडेल' असं असेल तर ती यंत्रणा आजच धोक्यात आहे असं आम्ही धरतो. आता हा प्रश्न आपल्या मोहल्ल्याला लावा. आमच्या नात्यातल्या एका खालांचं पावसाळ्यात निधन झालं. घरात बी.ई., बी.फार्म., बी.एड. झालेल्या मुली-सुना होत्या. गुस्ल देता येणारी बाई एकच, वय सत्तरीच्या पुढं, आणि ती त्या दिवशी कामठीला दुसऱ्या मय्यतीत होती. पुलावरून रिक्षानं ती येईपर्यंत दुपार झाली. आल्या आल्या तिनं कोमट पाणी मागितलं, बोरीची पानं मागितली, चादर धरायला दोघींना उभं केलं आणि एवढ्या नजाकतीनं काम केलं की जणू खाला झोपल्या आहेत आणि तिला त्यांना जागं करायचं नाही. निघताना तिचे गुडघे धरले होते. तिच्यानंतर कोण, हे त्या घरात कुणालाच सांगता आलं नाही.

कबरीचंही तेच. खोदायचं म्हणजे नुसता खड्डा नसतो. बगली कबरीत खाली किब्ल्याच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडं पश्चिमेच्या भिंतीत, कोनाडा काढून त्यात देह ठेवतात. पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, अशा मातीत तो कोनाडा ढासळतो. तिथं संदूकी कबर करावी लागते: तळाच्या मधोमध अरुंद चर, त्यावर फळ्या किंवा फरशा आणि मग माती. कुठं बगली टिकेल, कुठं पाणी लागेल, जुनी कबर किती अंतरावर आहे, हे गोरकन फावड्याच्या आवाजावरून सांगतो. हे ज्ञान कुठल्याही कागदावर नाही. जुलैच्या पावसात तो गुडघाभर चिखलात उभा असतो, पायात गमबूट नाही, हातात मोजे नाहीत. आणि त्याच्या मजुरीवर आपण घासाघीस करतो.

कोरोनाच्या काळानं हे सगळं उघड्यावर आणलं. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं की कोविडनं गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कुठलाही असो, दहनच करायचं. विरोध झाला आणि काही तासांत ते बदलावं लागलं. मग वांद्र्याच्या कब्रस्तानांत कोविडचे मृतदेह पुरू नयेत म्हणून काही रहिवासी कोर्टात गेले. २२ मे २०२० ला मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची मागणी फेटाळली. मृतदेहातून संसर्ग पसरतो याचा वैज्ञानिक पुरावा नाही आणि सन्मानानं अंत्यसंस्कार होणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं. श्रीलंकेत मात्र २०२० मध्ये दहनाची सक्ती झाली आणि ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालली. तिथल्या सरकारनं २०२४ मध्ये त्याबद्दल मुस्लिमांची माफी मागितली. पण ज्यांच्या घरातली माणसं इच्छेविरुद्ध जाळली गेली त्यांना ती कबर आता कोण देणार?

आपल्याला कोर्टानं हक्क दिला, त्याबद्दल घटनेचे आणि वकिलांचे आभार. पण हक्काचा कागद हातात आल्यावर कबर खोदायला माणूस लागलाच. ती माणसं पुढं आली, आणि त्यांनी आपला-परका पाहिला नाही. अकोल्यात कच्छी मेमन जमातच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी हिंदू मृतांना, ज्यांच्या घरचे येऊ शकले नाहीत किंवा यायला घाबरले त्यांना, अग्नी दिला. मुस्लिम हातांनी सरण रचलं. आपण 'मय्यत' म्हणतो, मराठीत 'मयत' म्हणतात. शब्दही एकच आहे.

आता कामाचं बोलू. माझे चार प्रस्ताव आहेत.

पहिला. मोहल्ल्यात किमान चार मुलं आणि चार मुली गुस्ल-कफन शिकलेली हवीत. जाणत्या माणसांना बोलवा, पुतळा वापरून दाखवायला सांगा, वर्षातून दोनदा घ्या. शिकवणाऱ्या बाईला मानधन द्या आणि व्यासपीठावर खुर्ची द्या. भिंतीलगतची सतरंजी नको.

दुसरा. गोरकनची मजुरी कमिटीनं ठरवावी आणि फलकावर लिहावी. गरीब घराला सूट द्यायची तर ती कमिटीच्या निधीतून, त्याच्या घामातून नको. गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन ही कमिटीची जबाबदारी. त्याची ई-श्रम नोंदणी झाली आहे का, हे मोबाइल हातात असलेल्या तुमच्यापैकी कुणीही अर्ध्या तासात पाहू शकतं.

तिसरा. कागद. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात गेलेल्याची नोंद दवाखाना कळवतो. घरी गेलेल्याची घरच्यांनाच करावी लागते आणि नेमकी तीच राहते. दाखला नसेल तर बँक, वारसा, सगळं अडतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत २०,००० रुपये मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार योजना आहे. इद्दतमधल्या बाईला कचेरीच्या चकरा मारायला लावू नका. आठांपैकी एकानं नोंदणीचं काम अंगावर घ्यावं, दफनाइतकंच तेही जरुरी समजून.

चौथा. कब्रस्तानाचा सातबारा, वक्फची नोंद, हद्दीचा नकाशा आणि दफनाची वही यांच्या प्रती काढून ठेवा. कुठल्या रांगेत कोण, कोणत्या तारखेला, एवढं साध्या एक्सेलमध्ये भरा. ते भरायला मी स्वतः पुढचे चार रविवार देतो. पण माहिती गोरकनच्या डोक्यात आहे, म्हणून त्याच्याशेजारी बसून, त्याला विचारून भरायचं. आणि त्या वेळेची मजुरी त्याला द्यायची.

इथं कुणी म्हणेल, हे बुजुर्गांचं काम आहे, आपलं वय काय! फर्ज-ए-किफायाचा अर्थ आपण सोयीनं लावून घेतला आहे: 'कुणीतरी करतंय ना, मग झालं.' तो 'कुणीतरी' आता सत्तरीचा आहे आणि त्याच्या मुलाला हे काम नको आहे. त्यानं ते सोडावं, शिकावं, हवी ती नोकरी करावी, तो त्याचा हक्क आहे. तसं झालं तर फावडं कोण उचलणार, हे आपण आधी ठरवायला हवं. आपल्यातल्या प्रत्येकानं महिन्यातला एक दिवस दिला तरी ते एका घराण्याच्या खांद्यावर राहत नाही.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. गुस्ल शिकायला तयार असलेल्यांनी डावीकडच्या पानावर नाव लिहा, नोंदणी आणि कागदपत्रांसाठी उजवीकडच्या. मुलींसाठी वेगळी वही आहे, तीही भरू द्या.