संत विसरला, वादक राहिला

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेचा गौरव करणारी भाषणे आपण ऐकत आहात आणि ती यथोचितच आहेत. मी मात्र आज आपल्याला जरा दूर नेणार आहे. स्कॉटलंडमधील एका लहानशा गावाची जत्रा हा माझा विषय आहे. ती कोणत्या श्रद्धेतून उगवली, कशी थंडावली आणि पुन्हा कशी भरू लागली, हे मी सांगणार आहे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्यांना या कथेत आपल्या कामाची एक बाजू अधिक स्पष्ट दिसेल, या विश्वासाने मी हा विषय निवडला.

ग्लासगो शहराच्या पश्चिमेस, रेनफ्रूशर परगण्यात, किलबार्कन नावाचे गाव आहे. गेलिक भाषेत 'किल' म्हणजे ख्रिस्ती साधूची कुटी किंवा लहानसे प्रार्थनामंदिर, आणि बार्कन हे एका संताचे नाव. आपल्याकडे 'मढी' हे गावाचे नाव जसे घडले, तसेच हे. बार्कनची मढी ती किलबार्कन. या संताचे विश्वसनीय चरित्र असे जवळजवळ काहीच उरलेले नाही. गावाच्या नावात तो आहे आणि डिसेंबरच्या आरंभी भरणाऱ्या एका जत्रेच्या नावात तो होता. मध्ययुगात येथील चर्च जवळच्या पेझली येथील मोठ्या मठाच्या अखत्यारीत असे. संताच्या दिवशी लोक प्रार्थनेसाठी जमत, आणि लोक जमले की त्यांच्यामागून व्यापारीही येत.

देव आणि बाजार यांची ही जोडी आपल्याला नवी नाही. आपला 'जत्रा' हा शब्द 'यात्रा' या शब्दापासून आला. देवदर्शनासाठी केलेला प्रवास तो मुळात, आणि पुढे त्याच नावाखाली बैलबाजार, भांड्यांची दुकाने आणि पाळणे आले. इंग्रजीतील 'फेअर' हा शब्दही लॅटिनमधील 'फेरिया' म्हणजे पवित्र दिवस, सणाचा दिवस, या शब्दापासून आला आहे. गेलिक भाषेत तर सण आणि बाजार या दोहोंना 'फेल' हा एकच शब्द चालतो. वेगवेगळ्या लोकांच्या भाषांनी एकाच अनुभवाची अशी सारखीच नोंद करून ठेवली आहे.

मग १५६० साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एडिंबरा येथे भरलेल्या संसदेने पोपचा अधिकार झुगारला आणि जुन्या पद्धतीच्या उपासनेवर बंदी घातली. नव्या धर्मव्यवस्थेसाठी त्याच वर्षी सिद्ध केलेल्या नियमग्रंथाने संतांचे सणवार शास्त्राधार नसलेले ठरवून मोडीत काढले. त्यात नाताळही होता. पुढे १६४० मध्ये संसदेने नाताळची सुटीही कायद्याने बंद केली. मधल्या काळात काही फेरबदल झाले, परंतु स्कॉटलंडमध्ये नाताळचा दिवस सार्वजनिक सुटीचा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले, एवढे सांगितले म्हणजे या बंदीचा कस लक्षात येईल. जिथे येशूच्या जन्मदिनाची ही स्थिती, तिथे बार्कनसारख्या एका गावापुरत्या संताला कोण विचारणार?

तरीही जत्रा मोडली नाही. उपासना हुकमाने थांबवता येते, पण खरेदी-विक्री, देणीघेणी आणि सोयरीक ठरवण्याचा दिवस तितक्या सहज पुसता येत नाही. जनावरांचे सौदे, शेतगड्यांची वर्षाची बोली, खंडाचा भरणा हे सारे त्या त्या संताच्या दिवसाला बांधलेले असे. संताची पूजा गेली, तरी त्याचे नाव पंचांगातल्या खुणेसारखे मागे राहिले. स्कॉटलंडमधील कितीतरी बाजार असे संतांच्या नावांनी पुढे शतकानुशतके भरत राहिले. किलबार्कनला १७०४ मध्ये बाजारगावाचा दर्जा मिळाला. एकोणिसाव्या शतकातल्या भूवर्णनकोशात या गावाच्या दोन जत्रांची नोंद आढळते. एक जुलैच्या तिसऱ्या मंगळवारी भरणारी 'लिलिया'ची आणि दुसरी डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी भरणारी बार्कनची. त्या नोंदीपुढे 'जुन्या गणनेप्रमाणे' असे लिहिलेले आहे. ब्रिटनने १७५२ मध्ये आपले कॅलेंडर बदलले आणि अकरा दिवस गाळले. तेव्हापासून सरकारी कागद नव्या गणनेने चालले, गावची जत्रा मात्र शंभराहून अधिक वर्षांनंतरही जुन्याच गणनेने भरत होती. कचेरीचे काम तारखेने आणि देवाची यात्रा तिथीने, हे ज्यांच्या घरात आजही चालते त्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

आता या कथेतील मुख्य पात्राकडे येतो. हॅबी सिम्पसन हा किलबार्कनचा बॅगपाइप वाजवणारा गावकरी. त्याचा काळ सुमारे १५५० ते १६२०. आपल्याकडे देवळाच्या नगारखान्यात आणि लग्नाच्या मांडवात सनई वाजवणाऱ्याचे जे स्थान, तेच त्याचे होते. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, सुमारे १६४० च्या आसपास, रॉबर्ट सेंपिल या जवळच्याच जमीनदार कवीने त्याच्यावर एक विलापिका रचली. ती विनोदी आहे आणि हळवीही आहे. आता लग्नात कोण वाजवणार, घोड्यांच्या शर्यतीत कोण वाजवणार, कापणीच्या वेळी मजुरांना हुरूप कोण देणार, असे प्रश्न ती विचारत जाते. आणि या यादीतच, अगदी सहज, हॅबी संत बार्कनच्या सणाला वाजवत असे हेही ती सांगून जाते.

हा उल्लेख किती मोलाचा आहे, ते पाहा. धर्मक्रांती झाली तेव्हा हॅबी दहा वर्षांचा मुलगा असेल. म्हणजे त्याचे सारे कर्तेपण बंदीच्या काळातले. ज्या संताचा सण १५६० मध्ये कागदोपत्री संपला होता, त्या सणाच्या दिवशी हा माणूस वाजवत होता आणि गाव नाचत होते! सण मोडल्याची वार्ता राज्याच्या आणि धर्मसभेच्या दप्तरांनी दिली, तर तो जिवंत असल्याची साक्ष एका कवितेने दिली.

ही कविता लॅटिनमध्ये नाही, किंवा लंडनच्या दरबारी इंग्रजीतही नाही. ती स्कॉट्स भाषेत, म्हणजे त्या गावच्या बाजारात आणि अंगणात बोलल्या जाणाऱ्या बोलीत आहे. बॅगपाइपच्या भात्याला, कापणीच्या मजुराला, जत्रेतल्या गमतीला त्या बोलीत शब्द तयार होते. प्रतिष्ठित भाषेत लिहिणाऱ्याला हॅबीसारख्या माणसाविषयी लिहावेसेच वाटले नसते, आणि लिहिले असते तरी त्याच्या वाजवण्याच्या प्रसंगांची इतकी घरगुती यादी त्यात उतरली नसती. या कवितेचा सहा ओळींचा बंध पुढे इतका लोकप्रिय झाला की ॲलन रॅमझी या कवीने त्याला हॅबीचेच नाव दिले, आणि रॉबर्ट बर्न्सने आपल्या अनेक प्रसिद्ध कविता त्याच बंधात लिहिल्या. एका गावच्या वाजंत्र्याचे नाव असे एका राष्ट्राच्या छंदशास्त्रात जाऊन बसले.

पुढच्या काळात किलबार्कन विणकरांचे गाव झाले. १८३० च्या दशकात येथे सुमारे आठशे हातमाग चालत. शेजारचे पेझली तेव्हा काश्मिरी शालींच्या धर्तीवर विणलेल्या शालींसाठी गाजत होते. आपल्या पैठणीवर आणि रांगोळीत जी 'कोयरी' आपण ओळखतो, तिला जग आज त्याच पेझलीच्या नावाने ओळखते. किलबार्कनच्या मध्यभागी १७५५ मध्ये उंच मनोरा असलेली एक इमारत उभी राहिली. तिथे शाळा आणि धान्याचा बाजार एकत्र नांदत. पुढे त्याच मनोऱ्याच्या कोनाड्यात हॅबीचा पुतळा बसवला गेला, आरंभी लाकडी आणि नंतर कांस्याचा. शाळेच्या छपराखाली बाजार आणि शाळेच्या भिंतीवर वाजंत्री! ती भिंत ज्या लोकांनी उभारली, त्यांच्या मनात शिक्षण आणि लोकजीवन यांच्यात फारसे अंतर नसावे.

जुलैमधील लिलियाची जत्रा हा विणकरांचा हक्काचा आनंदाचा दिवस झाला. गावची परंपरा हे नाव क्रेगेंड्सच्या जमीनदाराची कन्या लिलियस कनिंगहॅम हिच्याशी जोडते. पण यंत्रमाग आले, रेल्वे आली, घाऊक बाजारपेठा शहरांत गेल्या आणि हातमाग एकामागून एक थांबले. जत्रेला जगवणारे कारणच उरले नाही, तेव्हा जत्राही थांबली. विणकरांची आठवण म्हणून १७२३ मध्ये बांधलेले एक घर आज राष्ट्रीय वारसा म्हणून जपलेले आहे.

विसाव्या शतकात गावकऱ्यांनी ही जत्रा दोनदा उभी केली. पहिला प्रयत्न दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा होता, तो टिकला नाही. दुसरा १९६८ चा, तो रुजला. आता 'लिलियस डे' जूनच्या आरंभी, शनिवारी साजरा होतो. मिरवणूक निघते, मुले नटतात आणि गावाचा हॅबी त्या दिवशी पुन्हा जिवंत होऊन वावरतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. हॉब्सबॉम आणि रेंजर या इतिहासकारांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या एका गाजलेल्या ग्रंथाने दाखवून दिले की प्राचीन म्हणून मिरवणाऱ्या अनेक परंपरा अलीकडच्या काळात घडवलेल्या असतात. स्कॉटलंडचा प्रसिद्ध झगा आणि त्याचे चौकडे हे त्यातले एक ठळक उदाहरण. मग किलबार्कनची जत्राही तशीच नव्हे काय? संत नाही, माग नाहीत, गुरांचा बाजार नाही. उरला तो केवळ वेष, असे कोणी म्हणू शकेल.

माझे उत्तर असे की परंपरा अखंड असल्याचा आव आणला, तर हा आक्षेप लागू पडतो. 'मधे खंड पडला होता आणि आम्ही जाणीवपूर्वक पुन्हा आरंभ केला' असे जे गाव सांगते, त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करता येत नाही. प्रत्येक पिढीने या जत्रेला आपापले कारण दिले आहे. कुणी उपासनेसाठी जमले, कुणी व्यापारासाठी, कुणी मागावरच्या कष्टांतून एक दिवस सुटका व्हावी म्हणून, आणि आज लोक शेजाऱ्यांची ओळख टिकावी म्हणून जमतात.

पण हानी झालीच नाही, असेही मी म्हणणार नाही. डिसेंबरची बार्कनची जत्रा कोणी पुन्हा उभी केली नाही. संत विसरला गेला, त्याच्या सणाला वाजवणारा तेवढा राहिला, आणि तोही कवितेमुळे राहिला. ती कविता वाचणारे मात्र कमी होत गेले. १८७२ च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडमधील प्रत्येक मुलाला शाळा मिळाली, परंतु त्या शाळांची भाषा इंग्रजी होती. गेलिकला त्या कायद्यात स्थान नव्हते आणि स्कॉट्स बोलणे हे वर्गात अशुद्ध बोलणे मानले जाऊ लागले. हॅबीच्या पुतळ्याखालून रोज जाणाऱ्या मुलाला हॅबीवरची कविता अर्थकोश उघडल्याशिवाय कळू नये, ही स्थिती आळशीपणातून आलेली नाही. ती शाळेने घडवली. मिरवणुकीचे पुनरुज्जीवन एका समितीला काही वर्षांत करता येते. वाचकांचे पुनरुज्जीवन करायला पिढ्या लागतात.

आपल्या शाळेचा विचार मी येथे करतो. परप्रांतात मराठी माणसाचे सण टिकतील की नाही, याची मला फारशी चिंता वाटत नाही. गणपती बसतील, कोजागरीचे दूध आटेल, हळदीकुंकू होईल. या गोष्टी इतर भाषांत बोलत बोलतही करता येतात आणि अनेक घरांत तशा त्या होतच आहेत. चिंता आहे ती पुढच्या पायरीची. आजीने वहीत लिहून ठेवलेली आरती, आजोबांचे पत्र, या शाळेच्या पहिल्या वर्षांतले हस्तलिखित मासिक हे उद्या कोणाला वाचता येईल? पालकांनी मुलांना इंग्रजीत प्रवीण करावे, स्थानिक भाषेतही करावे, त्यात दुमत नाही. हॅबीच्या गावाने आपल्या मुलांना इंग्रजी दिली हे चुकले नाही. ती देताना घरची भाषा हातातून काढून घेतली, हे महागात पडले.

म्हणून दोन विनंत्या करतो. माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या साध्या दिवसांविषयी मराठीत लिहावे. घंटा कोण वाजवीत असे, डब्यात काय असे, शिपाईदादा मुलांना कोणत्या शब्दांनी हाक मारीत, हे लिहून ठेवावे. अध्यक्षांची नावे आणि देणग्यांचे आकडे कार्यालयाच्या दप्तरात राहतीलच. बाकीचे कुणीतरी सेंपिलसारखे सहज लिहून ठेवले तरच राहील. आणि पालकांनी मुलांकडून हे लेख मोठ्याने वाचून घ्यावेत, कारण लिहिणाऱ्याचे काम वाचणाऱ्यावाचून अर्धेच राहते.