अ‍ॅना ज्युलिया कूपर: गुलाम आईच्या पोटची पंतोजीण
(गांवच्या सभेंत केलेलें भाषण)



जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांना मोकळे करणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें. त्या मोकळ्या झालेल्यांतलीच एक काळी मुलगी तेव्हां तिकडे शाळेंत शिकत होती. तिची हकीकत आज आम्ही सांगतों.

अ‍ॅना ज्युलिया कूपर १८५८ सालीं रॅले गांवीं गुलाम आईच्या पोटीं जन्मली. १८६५ सालीं गुलामगिरी उठली, मग पोर शाळेंत गेली. तेथें ग्रीक भाषेचा वर्ग पाद्री होणाऱ्या पुरुषांकरितां होता. तिनें तो मागून घेतला. पुढें लग्न झालें आणि दोन वर्षांत नवरा वारला. मग ओबर्लिन कॉलेजांत बायकांसाठीं ठेवलेला हलका अभ्यास सोडून ती पुरुषांच्या अभ्यासास बसली व १८८४ सालीं पदवीधर झाली.

१८९२ सालीं तिचें पुस्तक निघालें. तिचा सवाल साधा होता: काळे पुढारी बोलतात ते पुरुषांपुरतें, गोऱ्या बाया बोलतात त्या गोऱ्यांपुरतें, मग काळ्या बाईचें दुखणें मांडावें कोणीं? हा सवाल आपल्याही सभांत विचारण्याजोगा आहे. येथेंही बाया मागेंच बसल्या आहेत.

१९०२ सालीं ती वॉशिंग्टनच्या काळ्या मुलांच्या हायस्कूलची मुख्य झाली. वरचे गोरे अधिकारी म्हणत, या पोरांस हातकाम शिकवा, पुरे. सुताराच्या रंध्याला आम्ही कमी लेखीत नाहीं. पण रंधा कोणाच्या हातीं द्यावयाचा हें दुसऱ्यानें आधींच ठरवावें काय? बाईनें लॅटिन व गणित सोडलें नाहीं. तिचे विद्यार्थी हार्वर्डपर्यंत पोंचले. तिला मात्र १९०६ सालीं जागा सोडावी लागली. चार वर्षांनीं त्याच शाळेंत ती साधी शिक्षिका म्हणून परतली, यास केवढी छाती लागते तें नोकरी करणारासच कळेल.

पुढें नात्यांतलीं पांच पोरकीं मुलें घरीं आणलीं. तीं वाढवीत वाढवीत, नोकरी संभाळून, १९२५ सालीं वयाच्या ६६ व्या वर्षीं पॅरिसच्या सोर्बोनची डॉक्टर झाली. प्रबंधाचा विषय काय? स्वातंत्र्याचा डंका वाजविणाऱ्या फ्रान्सनें आपल्या वसाहतींतील गुलामांस कसें वागविलें तो!

त्यानंतरही ती थांबली नाहीं. दिवसा राबणाऱ्या काळ्या लोकांच्या शिक्षणासाठीं एक संस्था होती. तिचे वर्ग बाईंनीं आपल्या राहत्या घरांत भरविले. १९६४ सालीं त्या वारल्या तेव्हां त्यांचें वय १०५ होतें.